गाडी धुतल्याशिवाय दिवा नाही

करीम,

तुला माती दिल्यानंतरचा चाळिसावा अजून व्हायचा आहे आणि अकोल्याच्या कापूसबाजारात तुझी गोष्ट सांगून सांगून पक्की झालीसुद्धा. सुरुंगाची दारू वाहणाऱ्या करीमने शेटच्या मुहूर्ताच्या गाडीत बोट घातलं, तोंडाने अभद्र बोलला आणि गाडी भडकली. एवढीच गोष्ट आहे. कापसाच्या ढिगाआड सावलीला बसलेले हमाल ती सांगतात, अमरावतीहून आलेला गाडीवान ती ऐकतो आणि पुढे खामगावला घेऊन जातो. तू बोट घातलंस हे खरं. बोललास तेही खरं. गाडी पेटली हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. एवढं सगळं खरं असताना गोष्ट खोटी कशी, हे मला बाजारात उभं राहून सांगता येत नाही. तोंड उघडलं की आधी राग बाहेर पडतो, मग लोक म्हणतात, महादू त्याचा दोस्त होता, तो असंच बोलणार.

म्हणून लिहायला बसलो आहे. गावच्या कुळकर्ण्यांकडून मी मोडी शिकून घेतली तेव्हा तू म्हणाला होतास, "काय महादूभाऊ, आता बैलायले चिठ्ठ्या लिहिशीन काय?" बैलांना नाही, पण वाचता न येणाऱ्यालाच लिहितो आहे. तुला तेव्हाही वाचता येत नव्हतं आणि आता तर ऐकायलाही तू नाहीस. मग बोलायचं कुणाशी, ते तूच सांग.

कुठे समुद्रापार लढाई लागली आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला असे दिवस आले की लोकांनी बैलांना जरीच्या झुली शिवल्या. कापूस न्यायला आगगाडी हवी, आगगाडीला पूल हवेत, पुलांना दगड हवा, म्हणून बडनेऱ्याजवळ खाण निघाली. खाण फोडायला सुरुंगाची दारू. अकोल्याबाहेरच्या कोठारातून दारूची पिंपं बडनेऱ्याला पोचवायची आणि येताना तिकडचा कापूस भरून अकोल्याच्या बाजारात आणायचा, असा आपला फेरा. तू त्या गाड्यांचा मुकादम आणि मी तुझ्यामागच्या गाडीवर. शेत भावाच्या हवाली करून मी एका हंगामापुरता तुझ्या रांगेत आलो होतो. मग शेतीकडे परत जायचं राहूनच गेलं.

भरल्या गाडीचे नियम आगगाडीच्या कंपनीने घालून दिले होते. गाडीला लाल फडकं, जवळपास चिलीम नाही, फळ्यांना लोखंडी खिळा नाही, सगळ्या लाकडाच्या खुंट्या, बैलांच्या पायांना नाल नाही, मुक्काम गावापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब. बाकीचे गाडीवान चुली मांडून गरम गरम भाकरी थापायचे आणि आपण लांब बाभळीखाली गार भाकरीवर ठेचा घेऊन बसायचो, वाळीत टाकल्यासारखे. मी कुरकुर केली की तू म्हणायचास, "ज्याच्या गाडीतच आग हाये त्यानं चूल काहून पेटवाची?" आणि माझ्या भाकरीवरचा कांदा उचलायचास.

पण पिंपं उतरली की पुढे काय, हे कंपनीच्या कागदात नव्हतं. त्यांच्या लेखी रिकामी गाडी ती रिकामी. तुझ्या लेखी खरी भीती तिथून सुरू व्हायची. रस्त्याने पिंपं हादरतात, त्यांच्या सांध्यांतून दारू झिरपते आणि फळ्यांच्या भेगांत जाऊन बसते. भरली गाडी दिसली की लोक वाट सोडतात, रिकामीला कोण भितो? म्हणून तुझा आपला वेगळा नियम. गाडी कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची, मग नाल्यावर नेऊन धुवायची, उन्हात सुकू द्यायची, आणि मग तू यायचास. करंगळी भेगेत फिरवायचास आणि जिभेला लावायचास. दारूत सोरा असतो आणि सोरा जिभेला गार लागतो. गार लागलं की तू घागर पुढे करायचास. नाही लागलं की गाडीच्या दांडीवर थाप मारायचास. त्या थापेशिवाय आपल्या एकाही गाडीत कापसाचं बोंड पडलं नाही.

त्या जिभेपायी तू तंबाखू सोडलीस, पान सोडलंस, ठेचासुद्धा फेरा संपेपर्यंत बेतानेच. मी शेजारी बसून चुना मळायचो आणि मुद्दाम चिमूट तुझ्या नाकाखाली धरायचो. तू तोंड फिरवायचास. लग्नाच्या जेवणात तू विडा नाकारलास तेव्हा यजमान रुसला होता, आठवतं? मीच त्याला समजावलं, की आमच्या मुकादमाची जीभ कंपनीकडे गहाण आहे. तू किती दिवस त्यावरून मला शिव्या घातल्यास.

पहिल्या फेऱ्यात पिंपं उतरवून आपण खाणीजवळच्या माझ्या गावाशी आलो तो दिवस मला फार आठवतो आहे सध्या. गावाशेजारच्या नाल्यावर गाडी धुऊन झाली होती, फळ्या अजून ओल्या होत्या, म्हणून तू माझ्याबरोबर घरापर्यंत आलास. लांबचा पल्ला मारून आलेल्या बैलांना ओवाळायची आमच्याकडे रीत. गिरजा पेटलेलं निरांजन घेऊन दारातून बाहेर आली आणि तू दोन्ही हात पसरून गाडीपुढे उभा राहिलास.

"भाभी, तिथंच थांबा."

बिचारी तिथल्या तिथे थिजली. स्वतःच्या दारात, स्वतःच्या बैलांना ओवाळायला निघालेली बाई, आणि एक अनोळखी दाढीवाला माणूस तिला अडवतो. "हे कोन बाप्पा?" ती मला म्हणाली. मी काही बोलायच्या आत तुझी करंगळी चाखून झाली होती आणि तू घागर मागत होतास. पुन्हा पाणी, पुन्हा ऊन. गिरजा ताट घेऊन उभीच, निरांजनातलं तेल संपून वात विझली, तिचं तोंड रागाने लाल. शेवटी तू थाप मारलीस आणि मोकळा हसलास. "लाव भाभी, आता दिवा."

पुढे त्याचीच रीत झाली. गाडीचा आवाज आला की गिरजा न पेटवलेला दिवा घेऊन बाहेर यायची आणि तुझ्या तोंडाकडे बघत थांबायची. तू चाखायचास, थाप मारायचास, लाव भाभी म्हणायचास, मग ती दिवा लावायची. आधी बैल, मग मी, मग तू. तुला टिळा लावू का म्हणून ती विचारायची आणि तू टोपी मागे सारून कपाळ पुढे करायचास. गावातल्या म्हाताऱ्या हसायच्या, गिरजेच्या दिव्याला मुहूर्त मुसलमान काढून देतो म्हणून. गिरजा त्यांना म्हणायची, "देते तं देऊ द्या. घर शाबूत हाये नं?"

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. उन्हाळ्यात माझी पोरं अंगणात त्याच गाडीत झोपतात. फळ्यांवर गोधडी टाकली की झालं. पोरं झोपली की मी कधीकधी जाऊन त्या फळ्यांवरून हात फिरवायचो, आणि तुझी थाप आठवली की निवांत घरात यायचो. हे तुला सांगायला हवं होतं. पुरुषांनी पुरुषांना असलं काही सांगायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी तुझ्या दाढीची थट्टा करत राहिलो.

मागच्या चैत्रात नाला आटला तेव्हा तू गप्प बसशील असं सगळ्यांना वाटलं होतं. तू रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जाऊन मोटेचं पाणी मागितलंस. तो म्हणाला, "पानी देतो, पन ते दारूचं कायं पानी माह्या वावरात सोडू नका. गुरं पेतात." बाकीचे म्हणाले, हा आता भांडणार. तू भांडला नाहीस. त्याचं खरं आहे असं म्हणून विहिरीपासून लांब, पडीक जागेत खड्डा खणलास, धुतलेलं सगळं पाणी त्यात सोडायला लावलंस आणि वरून चिखल लोटलास. पुसलेली फडकीही त्यातच. भर उन्हात, अंगाला घामाच्या धारा, आणि मी विहिरीच्या कठड्यावर बसून म्हणत होतो की एवढी चाकरी तर कोणी सासऱ्याचीही करत नाही.

आणि तुझा मेव्हणा. रानडुकरांनी त्याच्या शेताचा सत्यानाश केला होता. गाडी पुसताना जी दारू निघते ती तरी मूठभर दे, राखणीला उपयोगी पडेल, एवढंच त्याचं म्हणणं. मला वाटलं, घरचा माणूस आहे, देशील. तू त्याच्या डोळ्यांदेखत ती पाण्यात कालवलीस. "डुकराच्या आधी तूच जाशीन," असं म्हणालास. तो त्या ईदला तुझ्याकडे आला नाही. मातीला आला. तुझ्या पायाशी बसून होता, आणि तो काय आठवत होता ते मला कळत होतं.

आपलं मोठं भांडण मूर्तिजापूरच्या मुक्कामावर झालं. त्याचा निकाल अजून लागलेला नाही आणि तू उठून गेलास. मी म्हणत होतो की रिकामी गाडी धुवायचा नियम साहेबाकडून कागदावर घालून घे, दवंडी पिटू दे.

"सांगून पायलं," तू म्हणालास. "साहेब म्हनते, पिंप उतरलं का कंपनीचं काम सपलं."

"मंग पुन्हा सांग. तू हायेस तवरक लोकं धुऊन राहिले. तुह्या मागं कोन धुईन?"

"माह्या मागं तू हायेस नं."

मी हसलो. तोंडात तंबाखूचा बार होता, तो दाखवला. या जिभेला सोरा काय कळणार, असं म्हणालो. तू म्हणालास, "सोडून तं पाय. एक हंगाम लागते. मंग जीभ घरी येते." मी म्हणालो, माझी जीभ आहे तिथे सुखात आहे, तू कागदाचं बघ. तू म्हणालास, कागदानं गाडी धुतली जात नाही, माणसानं धुतली जाते. मी म्हणालो, माणूस मरतो. त्यावर तू बैलांना वैरण टाकायला उठलास. मला अजून वाटतं, माझंच खरं होतं. आणि ते खरं ठरल्याचा मला एवढा संताप येतो आहे की काय सांगू.

या हंगामाच्या पहिल्याच फेऱ्यात धोंडू रांगेतून पुढे गेला. आपलाच धोंडू, नेहमी शेवटी राहणारा. त्याचे बैल चालीला मंद, म्हणून तू त्याला सगळ्यांच्या मागे ठेवायचास, धूळ खात. खाणीवर अकोल्याच्या कापूसवाल्या शेटची माणसं गाड्या शोधत आली होती. कापूस उदंड आणि गाड्या मिळत नव्हत्या. शेटला नव्या कापसाचा मुहूर्त साधायचा होता आणि पहिली गाडी वेळेवर अकोल्याला पोचायला हवी होती. आपण सगळे नाल्यावर गाड्या धूत होतो. त्यांनी धोंडूला सांगितलं असणार, धुवायला कुठे बसतोस, आताच कापूस भर, मुहूर्ताची गाडी तुझी, पूजा तुझ्या बैलांची. ज्याने जन्मभर दुसऱ्याच्या बैलांचे खूर पाहिले, त्याला हे सांगितलं. त्याने लाल फडकं सोडून ठेवलं आणि निघाला. आपल्याला वाटलं, तो मागे राहिला असेल.

आपण बाजारात शिरलो तेव्हा पूजा सुरू झाली होती. तुला आधी धोंडूचे बैल दिसले, शिंगांना बेगड लावलेले. मग गाडी दिसली. लाल फडक्याच्या जागी झेंडूची माळ होती. तू माझ्या हातात तुझ्या बैलांचा कासरा दिलास आणि गर्दीत घुसलास. मागच्या बाजूला जिथे कापसाखालून फळी दिसत होती तिथे करंगळी घातलीस आणि जिभेला लावलीस. मी तुझं तोंड पाहिलं. तेवढं बघून मला कळलं.

तू ओरडलास, "कापूर इझवा."

करीम, दुसरं काहीही म्हणाला असतास तर. मुहूर्ताच्या कापराला, देवाच्या नावाने लावलेल्या ज्योतीला, विझवा. आमच्यात घरातला दिवासुद्धा कोणी विझवा म्हणत नाही, शांत करा म्हणतात, म्हाताऱ्या तर फुंकरही मारू देत नाहीत. पण आग दिसत असताना माणूस शब्द निवडत बसतो का? सगळी गर्दी तुझ्याकडे वळली. शेट म्हणाला, याला आधी बाहेर काढा. धोंडू डोक्याला नवा फेटा बांधून उभा होता, त्याने खाली पाहिलं. तू पुढे जायला बघत होतास आणि हमालांनी तुझे दंड धरले होते. सगळे तुझ्या शब्दावर रागावले होते, गाडीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात चाकावर नारळ फुटला. पाणी उडालं आणि दांडीवर विड्याच्या पानात ठेवलेला कापूर घसरून फळीवर पडला.

आवाज फार नव्हता. भेगेभेगेतून एक रेघ सरकली आणि वरच्या कापसाने पेट घेतला. बैल बिथरले. समोर सगळा बाजार कापसाने भरलेला, आणि ती पेटलेली गाडी घेऊन बैल त्यात घुसणार. धरणाऱ्यांनी तुला सोडलं आणि पळाले. तू पळाला नाहीस. जूवर छाती टेकून बैलांच्या गळ्यातल्या जुपण्या कापल्यास, एक बैल सुटला, दुसरा सुटला, आणि गाडी जागेवर बसली. वरचा कापूस तुझ्यावर आला. मी कासरे टाकून आलो तोपर्यंत घोंगड्या घेऊन चार लोक पोचले होते.

बाजार वाचला. कडेचे काही ढीग काळे झाले, बस. हे कोणी सांगत नाही. बोटाचं सांगतात.

तुझ्या अंगणात लिंबाच्या सावलीला तुला केळीच्या पानांवर निजवलं होतं. अमीनाभाभी पंख्याने वारा घालत होती आणि तिच्या तोंडाकडे मी बघू शकत नव्हतो. तू मला विचारलंस, "बैल?"

"सुटले. दोनी."

"धोंड्या?"

"बरा हाये."

मग म्हणालास, "त्याले काई म्हनू नको. जिंदगीत पयल्यांदा त्याची गाडी पुढं झाली होती."

आणि पाणी मागितलंस. मी तुझ्या ओठांना पाणी लावलं. ज्या जिभेसाठी तू सगळं सोडलं होतंस ती कोरडी पडली होती.

हे तू काय करून ठेवलंस? माझं तोंड बांधून गेलास. गाडी धुतली नव्हती एवढं एक वाक्य धोंडूने बाजारात म्हटलं की तुझं नाव धुऊन निघतं. मी कबरस्तानातच लोकांना म्हणालो की गाडी धुतलेली नव्हती. कोणीतरी विचारलं, "तुले कोनं सांगितलं? धोंडू तं म्हनत नाई." धोंडू सगळ्यात मागे उभा होता, मातीची मूठ हातात धरून. त्याने मुठीकडे पाहिलं आणि माती टाकून निघून गेला. शेटने त्याला जळालेल्या गाडीच्या बदल्यात हंगामभर दुसरी गाडी लावून दिली आहे. मी त्याला काही म्हणालो नाही. तू सांगितलंस म्हणून म्हणालो नाही. पण मी त्याला माफ केलं असं समजू नकोस, आणि खरं सांगू, या बाबतीत मी तुलाही माफ केलेलं नाही. धोंड्याच्या इज्जतीची तुला एवढी फिकीर, आणि तुझ्या घरात पोरं आहेत त्यांच्या बापाच्या नावाचं काय?

परवा अमीनाभाभीकडे गेलो होतो. विहिरीवर बायका तिच्या घागरीशेजारी घागर ठेवत नाहीत म्हणे. ती मला म्हणाली, "भाईजान, हे बोट काहून घालत होते, तेवढं तरी सांगा नं लोकायले." मी म्हणालो, सांगतो. काय सांगू? मी सांगितलं तर लोक म्हणतात, दारू कोणी चाखतं का? ज्यांनी तुला रोज चाखताना पाहिलं, ते आपल्या रांगेतले लोकही आता नाही म्हणून मान हलवतात. त्यांना नवा मुकादम मिळाला आहे आणि नव्या मुकादमाला घाई आहे.

मला वाटलं होतं, एवढी आग पाहिल्यावर निदान भीतीने तरी धुतील. नाही करीम. त्यांनी सोपा रस्ता काढला. आता खाणीवरून सुटताना लाल फडकं सोडतात आणि त्या जागी लिंबू-मिरची बांधतात. आणि बाजारात मुहूर्त असला की आधी बघतात, कोणी दारूवाला जवळ तर नाही ना. दारूवाल्या माणसाला हाकलतात. दारूची गाडी मात्र न धुता आत घेतात. तुझ्या मरणातून या लोकांनी एवढंच घेतलं.

गेल्या फेऱ्याला मी एकटा नाल्यावर थांबलो. वरून रस्त्याने गाड्या चालल्या होत्या, कापसाने डोंगराएवढ्या भरलेल्या, खालच्या फळ्या काळ्याच. मी हाक मारली, "धुतली काय?" एक जण हसून म्हणाला, "करीमभाई गेले, आता चाटनार कोन?" तो वाईट माणूस नाही. तुझ्या मातीला आला होता. म्हणूनच मला तिथे बसून रडू आलं, भरलेली घागर मांडीवर घेऊन.

तुला माती दिली त्याच दिवशी मी तंबाखूची चंची फेकून दिली. हंगाम अजून सरायचा आहे. जीभ घरी आलेली नाही. जेवणातलं मीठ कमी की जास्त, तेही मला धड कळत नाही, आणि मी सोरा ओळखायला निघालो आहे.

घरी आलो तर गिरजा ताट घेऊन बाहेर आली. दिवा लावलेला नव्हता. ती जिथे उभी राहायची तिथेच उभी राहिली. मी करंगळी भेगेत फिरवली आणि जिभेला लावली. गार लागलं. पुन्हा पाणी ओतलं, ऊन लागू दिलं, पुन्हा चाखलं. पुन्हा गार. हिवाळ्याचं पाणी, हिवाळ्याचं लाकूड, सगळंच गार. तुला त्यातलं कोणतं गार सोऱ्याचं आहे ते कळायचं. कसं कळायचं ते मी कधी विचारलंच नाही, मी चुना मळत होतो.

गिरजाने ताट ओट्यावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि स्वतः बोट फिरवून चाखलं. "मले तं काई लागत नाई," ती म्हणाली. मी पुन्हा घागर उचलली.

"किती धुता? बैल भुकेजले."

"थांब जरासक."

"मंग लावू काय दिवा?"

मला लाव म्हणता येईना. थांब म्हणायलाही काही आधार नव्हता. शेवटी मी बैल सोडले, मागच्या वाटेने गोठ्यात नेले आणि गाडी रस्त्यापलीकडे उभी करून आलो. पोरांना तिच्याजवळ जायचं नाही म्हणून दरडावलं. गाडी अजून तिथेच उभी आहे. येणारे-जाणारे विचारतात, गाडी बाहेर का, महादूने धंदा सोडला की काय.

गिरजाने ताट आत नेलेलं नाही. ओट्यावरच आहे, वात तेलात भिजून पडली आहे. ती मला पुन्हा विचारत नाही, पण आगपेटीही उचलत नाही. गाडीचा आवाज आला की आम्ही दोघंही दाराकडे बघतो. लाव म्हणणारा तू होतास.